अमेरिकेतल्या बोर्डिंग शाळा : आपली मुलं तिथे राहतात कशी, शिकतात कशी?

चिंचबन

न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, एका बोर्डिंग शाळेत मी गणित शिकवते आणि मुलींच्या एका डॉर्ममध्ये (वसतिगृहात) डॉर्म पेरेंट, म्हणजे मुलींची देखरेख करणारी शिक्षिका म्हणून कुटुंबासह राहते. माझ्या शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण लिहिणार आहे ते मुलींविषयी. दिवाळी झाली की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात, कारण बहुतेक शाळांची अर्जाची मुदत १५ जानेवारी किंवा १ फेब्रुवारीला संपते. प्रश्न ठरलेले : पहिल्या नंबरची शाळा कुठली, एसएसएटी या प्रवेशपरीक्षेला किती गुण लागतात, पुढे हार्वर्डला किती जातात. चौदा वर्षांचं पोर तिथे रोज उठून काय करतं, कोणाशी बोलतं, अडलं तर कोणाकडे जातं, हे फारसं कोणी विचारत नाही. मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

या शाळा नववी ते बारावीच्या, खासगी, आणि जुन्या आहेत. मॅसॅच्युसेट्समधली फिलिप्स अकॅडमी, म्हणजे अँडोव्हर, १७७८ची. न्यू हॅम्पशरमधली फिलिप्स एक्सिटर १७८१ची. पहिली पुतण्याने काढली, दुसरी काकाने. दोन्हींत हजार-अकराशे मुलं. बाकीच्या बऱ्याच शाळा याच्या निम्म्या किंवा त्याहून लहान. बाहेरदेशची मुलंही इथे नवी नाहीत. जपान सोडून जायला बंदी होती त्या काळात, १८६४ साली, निइजिमा जो नावाचा तरुण चोरून जहाजावर चढला, बॉस्टनला पोचला आणि अँडोव्हरला शिकला. पुढे जपानला परतून त्याने १८७५ मध्ये क्योटोत दोशिशा ही संस्था काढली, ती आज मोठं विद्यापीठ आहे.

आता दिवस. सकाळी आठच्या सुमारास वर्ग सुरू. वर्गात दहा ते पंधरा मुलं. तीनपर्यंत तास, मग खेळ. खेळातून सुटका नाही : शरद, हिवाळा आणि वसंत असे तीन हंगाम, प्रत्येकात काही ना काही घ्यावंच लागतं. काही शाळा एखाद्या हंगामात नाटक किंवा नृत्य चालवून घेतात. आपली मुलं स्क्वॉश, टेनिसला जातात आणि चांगली खेळतात. ज्यांनी मैदान पाहिलेलंच नसतं त्यांना मी क्रॉस-कंट्री धावायला सांगते, कारण त्या संघातून बहुधा कोणालाच वगळत नाहीत आणि पहिल्याच आठवड्यात वीस-पंचवीस ओळखी होतात. बुधवारी अर्धा दिवस सामन्यांसाठी. त्याची भरपाई म्हणून अनेक शाळांत शनिवारी वर्ग असतात, हे पालकांना माहीत नसतं. सहाला जेवण, आठ ते दहा अभ्यासाची वेळ. लहान इयत्तांच्या मुलींनी खोल्यांची दारं तेव्हा उघडी ठेवायची. काही डॉर्ममध्ये फोन बाहेर टोपलीत. दहाला चेक-इन, म्हणजे प्रत्येक मुलीने ड्यूटीवरच्या शिक्षिकेसमोर येऊन हजेरी द्यायची. हात उंचावून पळ काढणारी आणि दोन मिनिटं रेंगाळणारी, दोघींकडून मला त्यांचा दिवस कसा गेला ते कळतं.

घरी फोन करायला मोकळा वेळ मिळतो तो साधारण या चेक-इननंतर. तेव्हा भारतात सकाळचे साडेसात वाजलेले असतात, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेआठ. म्हणजे आई-बाबा डबे भरण्याच्या किंवा ऑफिसला निघण्याच्या घाईत. पोरीला बोलायचं असतं आणि इकडून "पटकन सांग" येतं. ही वेळ कशी सांभाळायची ते घरात आधीच ठरवा. रोज दहा घाईची मिनिटं बोलण्यापेक्षा रविवारी तास-दीड तास निवांत बोलणाऱ्या मुली जास्त स्थिर राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भारतातून आलेली मुलं इंग्रजीने अडत नाहीत, गणिताने तर नाहीच. ती अडतात मदत मागण्यापाशी.

इथे प्रत्येक शिक्षकाची वर्गाबाहेर भेटायची वेळ ठरलेली असते, आणि आम्ही आवारातच राहत असल्यामुळे संध्याकाळीही असते. कुठे त्याला एक्स्ट्रा हेल्प म्हणतात, कुठे कॉन्फरन्स पिरियड. अमेरिकन मुलगी पहिल्या चाचणीत थोडी घसरली की दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी असते. तिला त्यात कमीपणा वाटत नाही; तिच्या लेखी हा अभ्यासाचाच भाग. आठवीपर्यंत पंचाण्णव टक्के मिळवत आलेली आपली मुलगी मात्र त्या दिवसापासून माझी नजर चुकवते. खोलीत बसते, रात्री एकपर्यंत एकटीच झगडते, पुढच्या चाचणीत आणखी घसरते. घरी सांगत नाही, कारण घरच्यांनी एवढे पैसे घातलेत. मैत्रिणींना सांगत नाही, कारण त्यांना ती "गणितातली हुशार इंडियन" वाटत असते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता सप्टेंबरातच अशा मुलींना मी स्वतः बोलावून घेते. पण सगळे शिक्षक बोलावतील असं नाही, आणि बोलवायची वाट पाहू नये.

यात तिचा दोष नाही. आपल्याकडे वर्गात "कळलं नाही" म्हटलं की "लक्ष कुठे होतं?" हा प्रश्न आलेला असतो, आणि न कळलेलं संध्याकाळी क्लासमध्ये निस्तरलं जातं. शाळेच्या शिक्षकाकडे जायची सवयच लागत नाही. इथे क्लास नाही. जे आहे ते त्या शिक्षकाकडेच. तेच शिक्षक दर सत्राच्या शेवटी मुलीविषयी परिच्छेदभर मजकूर लिहून घरी पाठवतात, आणि कॉलेजसाठी शिफारसपत्रंही तेच लिहितात.

म्हणून मुलीला पाठवायचं का, असं मला कोणी विचारलं की मी तिचे मार्क विचारत नाही. विचारते : वाईट बातमी ती तुम्हाला स्वतःहून सांगते का? चाचणीत नापास झाली, मैत्रिणीशी फाटलं, काही हरवलं, तर तुम्हाला तिच्याकडून कळतं की बाहेरून? तिच्याकडून कळत असेल तर ती इथे निभावेल. बाहेरून कळत असेल तर थोडं थांबा. दहावीतही प्रवेश मिळतो, अकरावीतही थोड्या जागा असतात.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देईन.

दुबईकर_आई

चिंचबनताई, फोनच्या वेळेचं तर डोक्यातही आलं नव्हतं. मुलगी आठवीत आहे, आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता दुबईत. माझे प्रश्न अगदी घरगुती आहेत, हसू नका. आम्ही शाकाहारी. रोज काय खाईल? सणवाराला काय? आणि थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सुट्टीत डॉर्म बंद होतात म्हणे, मग मुलं जातात कुठे? आमचं अमेरिकेत जवळचं कोणी नाही.

चिंचबन

दुबईकर_आई, हे प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवेत, हसायचं काय त्यात.

डायनिंग हॉलमध्ये शाकाहारी पदार्थ रोज असतात : सॅलड, पास्ता, बीन्स, टोफू, अंडी चालत असतील तर अंडी. पोट भरतं, पण मुली चीज-पावावर राहतात आणि प्रथिनं कमी पडतात. मुलीला आतापासून टोफू, राजमा, दही आवडीने खायची सवय लावा. खोलीत शेगडी, राइस कुकर, टोस्टर चालत नाही. कित्येक डॉर्ममध्ये विजेची किटलीसुद्धा नाही. कॉमन रूममध्ये मायक्रोवेव्ह असतो. त्यामुळे मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, तयार उपमा-पोह्यांची पाकिटं उपयोगी पडतात. नुसत्या भातावर मेतकूट-तूप घालून खाणाऱ्या मुलीभोवती आमच्याकडे नेहमी दोन-तीन जणी चमचे घेऊन जमतात. येताना कच्चे तांदूळ मात्र आणू नका, विमानतळावर काढून घेतात. जे आणाल ते कस्टमच्या फॉर्मवर लिहा. लिहिल्याने काही बिघडत नाही, लपवल्याने बिघडतं.

गणपती येतात तेव्हा शाळा नुकतीच सुरू झालेली असते, किंवा होणार असते. घरची आठवण सगळ्यात जास्त येण्याचे हेच दिवस. त्या आठवड्यात मी दार उघडं ठेवते आणि मोदक करते. खोलीत निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काहीही पेटवायला सक्त मनाई असते. आगीचा अलार्म वाजला की मध्यरात्री अख्खं डॉर्म थंडीत बाहेर उभं राहतं. बॅटरीची पणती द्या सोबत. दिवाळी बहुतेक शाळांत दक्षिण आशियाई मुलांचा गट डायनिंग हॉलमध्ये थाटात करतो, नाच वगैरे होतात, आपल्यापेक्षा अमेरिकन मुलं जास्त नाचतात.

सुट्ट्यांचं म्हणाल तर थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि मार्चमधली वसंत सुट्टी, तिन्ही वेळा बऱ्याच शाळांची डॉर्म बंद होतात. काही शाळा परदेशी मुलांसाठी एखादं डॉर्म उघडं ठेवतात, काही सहली नेतात, काही यजमान कुटुंब शोधून देतात. तुमच्या शाळेत काय आहे ते प्रवेश घ्यायच्या आधी लेखी विचारा. कित्येक शाळांना अमेरिकेतला एक पालकप्रतिनिधी लागतोच. पैसे घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्याही आहेत. पण शक्य असेल तर माणसं जोडा. न्यू इंग्लंडमध्ये मराठी मंडळ आहे, गाठीभेटी होतात. आणि खरं सांगू का, पहिल्या थँक्सगिव्हिंगला मुली बहुतेक रूममेटच्या घरी जातात. ते सगळ्यात छान.

नाशिकचा_अभि

धागा फार उपयोगी. पण खर्चाचा आकडा कोणीतरी स्पष्ट लिहा. मी चौकशी केली ती अशी : मोठ्या शाळांचं राहण्या-खाण्यासह वर्षाचं शुल्क ७० हजार डॉलरच्या वर. म्हणजे साठ लाखांच्या पुढे. त्यात विमा, विमानभाडं, लॅपटॉप, सुट्टीतली राहणी धरलेली नाही. चार वर्षं गुणिले करा. त्यानंतर कॉलेज उभंच.

पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, एका व्यक्तीमागे आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत. ठरावीक मर्यादेवरच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ कर) घेते, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो; पण तोपर्यंत पैसे अडकतात. दर आणि मर्यादा अर्थसंकल्पात बदलत राहतात, त्यामुळे त्या वर्षीचं सीएला विचारून ठेवा.

माझा प्रश्न : फायनॅन्शियल एड खरंच मिळते का भारतातल्या मुलांना? आणि अमेरिकेतच शाळा केली तर कॉलेजला 'तिथला' म्हणून धरतात का?

चिंचबन

अभि, दुसरं आधी. नाही. मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे तोवर कॉलेजच्या लेखी तो परदेशी अर्जदारच. अमेरिकन सरकारची मदत त्याला मिळत नाही आणि बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांची निवड करताना पैसे भरू शकतात का तेही पाहतात. "शाळा तिथे केली की कॉलेजचं सोपं" हा हिशोब मांडून कोणी इतके पैसे घालत असेल तर मी त्याला थांबवेन. इथल्या मोठ्या शाळांत ज्यांच्याशी तुलना होते ती मुलंही तेवढीच तयारीची असतात.

मदत मिळते. श्रीमंत शाळांकडे मोठे निधी आहेत. पण परदेशी मुलांसाठीची रक्कम पुष्कळ ठिकाणी मर्यादित असते आणि मदत मागणाऱ्या परदेशी अर्जाची स्पर्धा फार कडक होते. तरी गरज असेल तर पहिल्याच अर्जात मागा. आधी प्रवेश घेऊ, मग मागू, असं बहुधा चालत नाही.

सह्यकडा

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. चौदाव्या वर्षी मूल सातासमुद्रापार पाठवायचं कशासाठी? पाचगणीला शाळा आहेत, साताऱ्याला सैनिक स्कूल आहे १९६१पासून. घरापासून दूर राहून शिकायचंच असेल तर एसटीने एका दिवसात जाता येईल असं शिकावं. मूल आजारी पडलं तर आई पोचू शकते का, हा एकच प्रश्न मी विचारेन.

बोरगावची_शाळा

सह्यकडा, तुमच्या काळजीशी मी सहमत आहे, पण अनुभव थोडा निराळा सांगते. मी नवोदयची. सहावीत घर सोडलं, तेव्हा अकरा वर्षांची होते. नवोदयमध्ये नववीला मायग्रेशन असतं, वर्गातल्या तीस टक्के मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या प्रांतात पाठवतात. आमची तुकडी उत्तर प्रदेशात गेली. आई पोचू शकेल असं ते अंतर नव्हतंच; घरी फोनही नव्हता, पत्रं होती. पहिले दोन महिने आम्ही सगळ्या रडलो. पण त्या वर्षात मी जी हिंदी, जी माणसं, जो धीटपणा मिळवला तो आजतागायत पुरतोय. शेतकऱ्याच्या पोरी होतो आम्ही, शुल्क शून्य.

म्हणून मला चिंचबनताईंचा मुद्दा अगदी पटला. आमच्यातही ज्या मॅडमकडे जाऊन रडल्या त्या सावरल्या. ज्या गादीत तोंड खुपसून रडल्या त्यांच्यातल्या दोघी परत गेल्या.

ओंकार_के

मी तीन वर्षांपूर्वी अशाच एका शाळेतून बारावी झालो, आता कॉलेजात आहे. मूळ कोल्हापूर. मुलाच्या बाजूनेही कोणीतरी लिहावं म्हणून लिहितोय.

ताईंनी वर्गाविषयी कमी लिहिलं, ते मी लिहितो. आमच्या शाळेत हार्कनेस पद्धत होती. १९३० साली एडवर्ड हार्कनेस नावाच्या दानशूराने एक्सिटरला अठ्ठावन्न लाख डॉलर दिले आणि तिथून ही पद्धत निघाली : मोठं लंबगोल टेबल, भोवती साधारण बारा मुलं आणि त्यांच्यातच एक शिक्षक. फळ्यासमोर उभं राहून शिकवणं नाही. आदल्या रात्री वाचून यायचं आणि टेबलावर आपण बोलायचं. लॉरेन्सव्हिलसारख्या इतर शाळांनीही ती उचलली आहे.

पहिला महिना मी इंग्रजीच्या तासाला एक शब्द बोललो नाही. बरोबर उत्तर मनात तयार होईपर्यंत विषय तीन वळणं पुढे गेलेला असायचा. माझ्या ॲडव्हायझरने (प्रत्येक मुलाला नेमून दिलेला मार्गदर्शक शिक्षक) एक युक्ती सांगितली : उत्तर द्यायला जाऊ नकोस, पानावरचं एक वाक्य वाचून दाखव आणि "हे मला समजलं नाही, तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचार. तासाला एकदा. तिथून तोंड उघडलं. पुढे लक्षात आलं की शिक्षक कोण किती बोललं हे मोजत नाहीत, कोणी कोणाचं ऐकून पुढे नेलं हे पाहतात. सतत बोलणाऱ्या मुलांनाही थांबायला सांगतात.

गणितही तसंच. एक्सिटरमध्ये गणिताला नेहमीसारखं पाठ्यपुस्तक नाही, शिक्षकांनी रचलेले उदाहरणांचे संच आहेत. धडा नाही, सूत्र नाही, नमुना उदाहरण नाही. उदाहरणं सोडवतासोडवता सूत्र तुम्हीच शोधता. रात्री आठ-दहा उदाहरणं करायची आणि सकाळी बोर्डवर जाऊन आपली मांडणी सगळ्यांना समजावायची, चुकलेली असली तरी. हे संच शाळेने आपल्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवले आहेत. ज्यांना अमेरिकेला जायचं नाही त्यांनीही उतरवून घ्यावेत. माझा धाकटा चुलतभाऊ गारगोटीत बसून ते सोडवतो.

इतिहास मला सगळ्यात जड गेला. अकरावीत अमेरिकेचा इतिहास बहुतेक ठिकाणी सक्तीचा, आणि बरोबरच्या मुलांनी तो पाचवीपासून ऐकलेला. मोठा शोधनिबंध लिहावा लागतो, मूळ कागदपत्रं पाहून, प्रत्येक दाव्याला संदर्भ देऊन. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुसऱ्याचं वाक्य संदर्भ न देता उचलणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे. प्रकरण शिस्त समितीपुढे जातं आणि शिक्षा झाली तर कॉलेजच्या अर्जातही ते सांगावं लागू शकतं. आपल्याकडे प्रोजेक्ट उतरवून काढायची सवय असते, एआय आल्यापासून तर जास्तच. निघण्याआधी संदर्भ द्यायला शिकून घ्या.

हिवाळ्याबद्दल एवढंच की थंडीचं काही नाही, जॅकेट-बूट मिळतात (तिथेच घ्या, पुण्याच्या जाडजूड जॅकेटचा उपयोग नाही). काळोखाचं आहे. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. खेळ संपवून बाहेर यावं तर रात्र. जानेवारी-फेब्रुवारीत बरीच मुलं कोमेजतात. काउन्सेलर असतात, त्यांच्याकडे जाणं तिथे सर्दीला गोळी घेण्याइतकं साधं मानतात. मी गेलो होतो. फायदा झाला.

दुबईकर_आई

ओंकार, खूप मनापासून लिहिलंस रे. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते, एक शब्द न बोलणारा महिना आपलाही असणार. पण दारू-सिगरेटचं काय? तुझ्यासमोर विचारायला संकोच वाटतो, पण विचारते.

ओंकार_के

संकोच कशाला, काकू. असतं ते, नाही म्हणणार नाही. नियम कडक आहेत, पकडलं तर घरी पाठवतात. पण एक सोय प्रत्येक पालकाने आपल्या मुलाला सांगून ठेवावी. अनेक शाळांत सँक्चुअरी नावाचा नियम आहे. मित्र जास्त प्यायला असेल, त्याचा जीव धोक्यात असेल आणि तुम्ही मोठ्यांना बोलावलंत, तर बोलावणाऱ्यावर आणि त्या मुलावर त्या प्रसंगासाठी शिस्तीची कारवाई होत नाही. उपचार होतात, घरी कळवतात, समुपदेशन होतं. आपली मुलं शिक्षेच्या भीतीने गप्प बसतात आणि तिथे गप्प बसणं घातक ठरतं.

डॉ_मानसी

मी बालरोगतज्ज्ञ, पुण्यात. दर उन्हाळ्यात असे फॉर्म भरायला मुलं येतात, आणि फार उशिरा येतात. थोडं लिहिते.

लसी : शाळा गोवर-गालगुंड-रुबेला म्हणजे एमएमआरचे दोन डोस मागतात. आपल्या सरकारी वेळापत्रकात एमआर आहे, त्यात गालगुंड नाही. कार्डावर एमआर लिहिलंय की एमएमआर ते नीट बघा. कांजिण्यांचे दोन, हिपॅटायटिस बी, टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला) आणि मेनिंजोकॉकल, म्हणजे एका प्रकारच्या मेंदूज्वराची लस लागते. शेवटची आपल्याकडे नेहमीच्या वेळापत्रकात नसते, त्यामुळे बाळपणीच्या कार्डावर ती सापडणारच नाही. डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं, म्हणून एप्रिलमध्ये या, जुलैत नको. तारखा लिहिताना आधी महिना मग दिवस, ही तिकडची पद्धत. ५ मार्चचा डोस ३ मे होऊन बसतो आणि दोन डोसांमधलं अंतर चुकीचं दिसतं.

टीबीची तपासणी : आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी उगीचच पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, पत्रव्यवहार, घबराट. इग्रा नावाची रक्ताची चाचणी बीसीजीने फसत नाही. शाळेला ती चालते का ते आधी विचारा आणि तीच करा.

औषधं : मुलांना खोलीत गोळ्या ठेवू देत नाहीत. सगळं हेल्थ सेंटरमध्ये जमा. दम्याचा पंप, ॲलर्जीचं इंजेक्शन परवानगीने जवळ राहतं. नियमित औषध असेल तर इंग्रजीत चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव, मात्रा. लेबल नसलेल्या आयुर्वेदिक-होमिओपॅथिक पुड्या नर्स सहसा देत नाहीत, देऊ नयेतच.

आणि पाळी, मुरुमं, झोप, उदासी या चार गोष्टींवर मुलीशी निघायच्या आधी आईने बोलावं. मुलगा असेल तर बाबांनी.

मुळशीवाला

यूडब्ल्यूसी, म्हणजे युनायटेड वर्ल्ड कॉलेज या जगभरच्या निवासी शाळांच्या साखळीचा कोणी उल्लेख केला नाही म्हणून. आपल्याकडे मुळशीजवळ महिंद्रा यूडब्ल्यूसी आहे १९९७पासून, हे पुणेकरांना माहीत असतं. त्याच साखळीतली एक शाळा अमेरिकेत न्यू मेक्सिकोत माँटेझुमा इथे आहे, १९८२ची. फक्त अकरावी-बारावी, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम, आणि मुलं जगभरातून आलेली. भारतातून जायचं तर राष्ट्रीय समितीमार्फत निवड होते आणि शिष्यवृत्त्या गरजेप्रमाणे मिळतात. सोळाव्या वर्षी जाणं मला चौदाव्यापेक्षा बरं वाटतं. सह्यकडांनाही कदाचित पटेल.

सह्यकडा

सोळा पटतं. डॉक्टरांचा आणि बोरगावच्या ताईंचा प्रतिसाद आवडला. एक विचारतो : तिथे ही मुलं हाताने काही काम करतात का? की मोठ्या घरची पोरं म्हणून सगळं आयतं?

चिंचबन

सह्यकडा, चांगलं विचारलंत. करतात. नॉर्थफील्ड माउंट हर्मन या मॅसॅच्युसेट्समधल्या शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून काही तास काम करावंच लागतं, कोणी स्वयंपाकघरात, कोणी शाळेच्या शेतावर. एकोणिसाव्या शतकात ही शाळा गरीब मुलामुलींसाठी निघाली, तेव्हापासूनची ती रीत. डिअरफील्डमध्ये सगळे टेबलाला बसून एकत्र जेवतात आणि मुलंच पाळीपाळीने वाढतात. आमच्याकडे मुली भांडी विसळतात, जिने झाडतात, बर्फ पडला की फावडं घेतात. कपडे स्वतःचे स्वतः धुवायचे. घरी कधी कपबशी न उचललेली मुलगी पहिल्या महिन्यात गोंधळते, दुसऱ्यात शिकते, आणि सुट्टीत घरी गेली की आईला चकित करते. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. जिच्या वडिलांचं विमान आहे आणि जी पूर्ण शिष्यवृत्तीवर आहे, त्या दोघी एकाच सिंकपाशी उभ्या असतात.

आजारपणाचं : आई लगेच पोचू शकत नाही, हे खरं आहे आणि त्यावर उपाय नाही. मुलाच्या एफ-१ वर पालकांना तिथे राहायचा व्हिसा मिळत नाही. पर्यटक म्हणून भेटायला येता येतं. दोघांपैकी एकाचा तरी पर्यटक व्हिसा आधीपासून तयार ठेवा, म्हणजे वेळ आली तर तिकीट काढून निघता येईल.

नाशिकचा_अभि

आणि परत यायचं झालं तर? समजा दोन वर्षांनी मुलाला भारतातच कॉलेज करायचं ठरलं?

चिंचबन

तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून समकक्षतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वैद्यकीयचा विचार असेल तर अकरावी-बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, चारही ठेवायला हवेत. अमेरिकेत मुलं एका वर्षी एकच विज्ञान घेतात, त्यामुळे हे आपोआप होत नाही. नववीतच ॲडव्हायझरला सांगून ठेवा.

दुबईकर_आई

ताई, शेवटचं. लेकीला अजून खात्री नाही. ती म्हणते, आधी बघून येऊ. उन्हाळी शिबिरं असतात ना, ती उपयोगी आहेत का? आणि सगळा क्रम एकदा सांगाल का, म्हणजे आम्हाला कॅलेंडरवर मांडता येईल.

चिंचबन

उपयोगी आहेत. एक्सिटर, अँडोव्हर आणि कनेक्टिकटमधली चोट या शाळांचे चार-पाच आठवड्यांचे उन्हाळी वर्ग असतात, त्याच डॉर्ममध्ये राहायचं, त्याच टेबलांवर शिकायचं. स्वस्त नाहीत, आणि त्याने पुढे प्रवेश पक्का होतो असंही नाही. पण तिचं तिला कळेल, आणि तिचं तिला कळणं महत्त्वाचं.

क्रम असा. आठवीत असताना, उन्हाळा संपला की शाळांशी बोलणं आणि एसएसएटी, जरूर तर टोफेल किंवा ड्युओलिंगो या इंग्रजीच्या परीक्षा. शरदात मुलाखती, ऑनलाइनही होतात. जानेवारीत अर्ज. १० मार्चला बहुतेक शाळांचे निकाल, १० एप्रिलपर्यंत होकार कळवायचा. मग शाळा आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म) पाठवते, सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर भरायचे, व्हिसाची मुलाखत लवकरात लवकरची घ्यायची. भारतातल्यांनी मेनंतर थांबू नका, तेव्हा कॉलेजच्या मुलांची गर्दी होते. आय-२० वर सुरुवातीची तारीख असते, तिच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत शिरता येत नाही. आय-२० हातातल्या पिशवीत ठेवायचा, सामानात टाकायचा नाही. नाताळात घरी यायचं असेल तर त्यावर शाळेची प्रवासाची सही आहे ना ते थँक्सगिव्हिंगच्या आधी बघायचं.

आणि मुलाखतीच्या शेवटी "तुला काही विचारायचंय का?" असं विचारतात तेव्हा आपली मुलं "नो, थँक यू" म्हणतात. तुमच्या मुलीला सांगा, शाळा दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला तिने विचारावं : मागच्या महिन्यात तू अडलास तेव्हा कोणाकडे गेलास? त्याने विचार न करता एखाद्या शिक्षकाचं नाव घेतलं, तर ती शाळा यादीत ठेवा.